चिपळूणचे आभाळ आणि आठवड्याचा हवामान अंदाज

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)

पावसाळ्याचे चार महिने चिपळूणच्या बाजारपेठेत दोन प्रश्न सतत विचारले जातात. ‘आज पाऊस किती पडणार?’ हा पहिला आणि ‘पाणी कुठवर येणार?’ हा दुसरा. वरवर पाहता हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. वस्तुतः ते निरनिराळे आहेत. पहिल्याचे उत्तर आकाशात असते. दुसऱ्याचे उत्तर सह्याद्रीच्या उतारावर, वाशिष्ठी व शिव या नद्यांच्या पात्रांत आणि दाभोळच्या खाडीतील भरती-ओहोटीत विखुरलेले असते. शहरावर साधी रिमझिम चालू असताना नदीला पाणी चढते आणि शहरात मुसळधार पाऊस होऊनही कधी कधी नदी पात्रातच राहते, हा चिपळूणकरांचा जुना अनुभव आहे. म्हणून आकाश वाचण्याची आणि आठवड्याचा हवामान अंदाज समजून घेण्याची कला या तालुक्यात केवळ कुतूहलाची बाब राहिलेली नाही. ती ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या आणि प्रत्येक घराच्या व्यवहाराचा भाग झाली पाहिजे.

ढग म्हणजे काय?

ढग म्हणजे वाफ, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. पाण्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. जे दिसतात ते पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब किंवा बर्फाचे स्फटिक असतात. समुद्रावरून येणारी दमट हवा वर चढू लागली की तिच्यावरील दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत वाफ सामावून घेण्याची शक्ती कमी असते. त्यामुळे धूळ, समुद्रातील मीठ, धूर यांच्या कणांभोवती ती वाफ थेंबांच्या रूपाने गोळा होते. हे थेंब इतके लहान असतात की पावसाचा एक सर्वसाधारण थेंब तयार होण्यासाठी असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात.

हवा वर चढण्याची कारणे मात्र निरनिराळी असतात. वैशाखात जमीन तापते आणि तापलेली हवा उसळून वर जाते. मान्सूनच्या काळात समुद्रावरील कमी दाबाच्या पट्ट्यामुळे विस्तीर्ण प्रदेशावरील हवा सावकाश वर उचलली जाते. तिसरे कारण चिपळूणच्या डोळ्यांसमोर उभे आहे, ते म्हणजे सह्याद्री. अरबी समुद्रावरून आलेल्या वाऱ्यांपुढे ही भिंत आडवी येते. वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते आणि चढता चढता तो आपल्याजवळील पाणी टाकतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच डोंगराच्या पूर्वेकडील पायथ्याशी असलेल्या वाईला त्याचा पाचवा हिस्साही मिळत नाही, याचे कारण हेच. चिपळूण वाऱ्याच्या बाजूला आहे, आणि त्याच्या नद्या जेथे उगम पावतात तो प्रदेश तर थेट कड्याखालचा आहे.

तीन मजले, दहा जाती

ढगांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत इंग्लंडमधील ल्यूक हॉवर्ड या औषध व्यावसायिकाने १८०२ साली लंडन येथील एका व्याख्यानात मांडली. तंतूसारखे ते सिरस, राशीसारखे ते क्युम्युलस, थरासारखे ते स्ट्रॅटस आणि पाऊस देणारे ते निंबस, अशी त्याची मूळ कल्पना होती. पुढे तिचा विस्तार होऊन जगभर दहा मुख्य जाती मान्य झाल्या. ही लॅटिन नावे पाठ केलीच पाहिजेत असे नाही. परंतु त्यांच्यामागील विचार सोपा आहे. ढग किती उंचीवर आहे, तो पसरलेला आहे की वर वाढलेला आहे आणि त्यातून पाऊस पडतो की नाही, एवढे तीन प्रश्न विचारले की त्याची जात ओळखता येते.

सर्वांत वरच्या मजल्यावर, सहा-सात किलोमीटरच्या वर, बर्फाच्या स्फटिकांचे ढग असतात. पिंजलेल्या कापसाच्या पांढऱ्या तंतूंसारखा दिसतो तो तंतुमेघ, म्हणजे सिरस. बारीक खवल्यांची नक्षी असेल तर सिरोक्युम्युलस. साऱ्या आकाशावर पातळ दुधी पडदा पसरून सूर्य-चंद्राभोवती वर्तुळ उमटले, तर तो सिरोस्ट्रॅटस. आपल्याकडे ‘चंद्राला खळे पडले’ असे म्हणतात ते याच ढगामुळे. हे ढग स्वतः पाऊस देत नाहीत. परंतु पश्चिमेकडून ते दाट होत आले, त्यामागोमाग खालचे ढग येऊ लागले आणि वाराही बदलला, तर समुद्रावर काहीतरी घडत असल्याची ती सूचना असू शकते.

मधल्या मजल्यावर, साधारण दोन किलोमीटरपासून वर, मेंढरांच्या कळपासारखे पुंजके दिसतात ते अल्टोक्युम्युलस. दुधी काचेतून पाहावा तसा सूर्य अंधुक दिसू लागला की तो अल्टोस्ट्रॅटस. हाच पडदा जाड होत जाऊन सूर्य पूर्ण झाकला गेला, आकाश एकसारखे राखी झाले आणि संततधार सुरू झाली की तो वर्षास्तर मेघ, म्हणजे निंबोस्ट्रॅटस होतो. कोकणी माणूस ज्याला झड म्हणतो, ती बहुधा अशाच आभाळातून लागते.

खालच्या मजल्यावर चार प्रकार आढळतात. परशुरामाच्या डोंगरावर किंवा कुंभार्ली घाटात सकाळी अंगाला चिकटून जाणारा, धुक्यासारखा थर म्हणजे स्तरमेघ. राखी-पांढऱ्या वळकट्यांची रांग दिसली तर स्ट्रॅटोक्युम्युलस. यातून फार तर चार थेंब पडतात. सपाट बुडाचे आणि फुलकोबीसारख्या माथ्याचे सुटे ढग म्हणजे राशिमेघ. गणपतीनंतर ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की हे ढग विशेष शोभून दिसतात. हाच राशिमेघ दुपारच्या उष्म्याने वाढत वाढत बारा-पंधरा किलोमीटर उंच गेला आणि त्याचा माथा ऐरणीसारखा पसरला की तो गर्जन मेघ, म्हणजे क्युम्युलोनिंबस झाला असे समजावे. वीज, गडगडाट, सोसाट्याचा वारा आणि गारा ही याच एका ढगाची संपत्ती आहे.

भय कोणत्या ढगाचे?

येथे एक महत्त्वाचा विचार सांगणे अवश्य आहे. माणूस स्वभावतः काळ्या, गरजणाऱ्या ढगाला भितो आणि राखी, शांत आभाळाची त्याला सवय होऊन जाते. चिपळूणच्या बाबतीत ही सवय घातक ठरू शकते.

गर्जन मेघ कोकणात मुख्यतः दोन ऋतूंत येतो. एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या वेळी आणि ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात. तो तासाभरात येतो आणि तासाभरात जातो. त्याचा धोका विजेचा असतो व तो मोकळ्या शेतात, एकट्या झाडाखाली किंवा पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांस तीनने भागले असता वीज किती किलोमीटरवर पडली हे कळते. हे अंतर ३० सेकंदांहून कमी असेल तर पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. कापणीच्या दिवसांत भाताचे भारे आवरण्याच्या घाईत हा नियम विसरला जातो व तेव्हाच त्याची सर्वाधिक गरज असते.

जुलैमधील मुसळधार पाऊस असा गाजावाजा करीत नाही. त्या काळात सह्याद्रीच्या पश्चिम अंगावर विजा फारशा चमकत नाहीत. आकाशात एकच राखी चादर असते. तिच्या पोटात अधिक उंच वाढलेले ढग दडलेले असतात, पण खालून ते दिसत नाहीत. किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि पश्चिमेकडील वारे जोरदार झाले की ही चादर दोन-दोन, तीन-तीन दिवस हलत नाही. मळभ कालच्यासारखेच, सर कालच्यासारखीच, असे म्हणत गाव झोपी जाते. आणि घाटाखालच्या रानात मात्र पाण्याचा हिशेब वाढत असतो.

तो हिशेब समजण्यास सोपा आहे. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी होते. शंभर चौरस किलोमीटरच्या डोंगराळ टापूत एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस झाला तर तेच पाणी दोन कोटी घनमीटर, म्हणजे २,००० कोटी लिटर भरते. आषाढात जमीन आधीच तृप्त झालेली असते, त्यामुळे यातील फारच थोडे तिच्यात मुरते. बाकीचे तीव्र उतारावरून काही तासांत खाली येते.

चिपळूणची विशेष परिस्थिती

तिवरे परिसरातील सह्याद्रीच्या रांगेतून निघणारी वाशिष्ठी थोडक्या अंतरात खडा उतार उतरून चिपळूणच्या सखल भागात येते. शहराच्या मध्यातून वाहणारी शिव नदी येथेच तिला मिळते. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या वीजनिर्मितीनंतरचे अवजलही कोळकेवाडीमार्गे याच नदीत येते. गोवळकोटपासून पुढे खाडीचे राज्य सुरू होते व भरतीचे पाणी तेथपर्यंत पोचते. वरून नदीचा लोंढा आणि खालून उधाणाची भरती अशी दोहोंची गाठ पडली की पाण्याला जाण्यास वाट उरत नाही; ते बाजारपेठेत शिरते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. त्याच अतिवृष्टीत चिपळूणही बुडाले होते. सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी पहाटे, वाशिष्ठीचे पाणी पुन्हा शहरात शिरले. वीज गेली, दूरध्वनी बंद पडले, अनेक कुटुंबांनी छपरावर व वरच्या मजल्यावर आश्रय घेतला. मुंबई–गोवा महामार्गावरील वाशिष्ठीचा जुना पूल खचला. दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा असलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे ग्रंथही या पाण्यातून सुटले नाहीत. आषाढी पौर्णिमा तेव्हा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस होते. २३ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४.४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. महाबळेश्वर वाशिष्ठीच्या पाणलोटात येत नाही, हे खरे; पण त्याच कड्यावर आभाळ कसे कोसळत होते याची कल्पना त्या आकड्यावरून येते. याच दिवसांत महाड तालुक्यातील तळिये आणि खेड तालुक्यातील पोसरे येथे दरडी कोसळून गावकरी गाडले गेले.

त्यापूर्वी २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातीलच तिवरे येथील धरण फुटले व खालच्या वाडीतील घरे वाहून गेली. या घटनांतून एक गोष्ट सारखी दिसून येते. संकट बहुधा रात्री किंवा पहाटे येते आणि तेव्हा आकाशाकडे पाहून काहीही कळत नाही. यास्तव संध्याकाळपूर्वी अंदाज वाचणे आणि त्याचा अर्थ लावणे हाच एक मार्ग उरतो. २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठी व शिव या नद्यांतील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. ते उपयुक्त आहेच. परंतु पात्र कितीही मोकळे केले तरी सावधगिरीची गरज संपत नाही.

अंदाजाची भाषा

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. मुंबईतील कुलाबा येथील प्रादेशिक केंद्र महाराष्ट्र व गोव्यासाठी जिल्हावार अंदाज प्रसिद्ध करते. या अंदाजातील प्रत्येक शब्दाला ठराविक अर्थ असतो. तो ठाऊक नसल्यामुळे पुष्कळदा ‘अंदाज चुकला’ असा निष्कर्ष काढला जातो.

प्रथम व्याप्तीचे शब्द पाहावेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या प्रदेशातील पावसाच्या केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे तीन चतुर्थांशापर्यंत. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. तेव्हा ‘तुरळक ठिकाणी अति मुसळधार’ असे सांगितले आणि चिपळूण शहरात मध्यम पाऊस पडला, तर अंदाज चुकला असे होत नाही. तो अति मुसळधार पाऊस पोफळी-अलोरेच्या बाजूला पडलेला असू शकतो. आणि चिपळूणला खरी चिंता त्याचीच असते.

दुसरे, प्रमाणाचे शब्द. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार. ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार. त्याहून अधिक म्हणजे अत्यंत मुसळधार. महसूल खात्याच्या पंचनाम्यात ६५ मिलिमीटरहून अधिक पावसाला ‘अतिवृष्टी’ म्हणतात. तो शब्द आणि हवामान खात्याचे शब्द यांची गल्लत करू नये. तसेच ‘ढगफुटी’ हा शब्द हल्ली सर्रास वापरला जातो. लहानशा टापूत एका तासात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस झाला तरच शास्त्रज्ञ त्याला ढगफुटी म्हणतात. कोकणातील पूर पुष्कळदा ढग न फुटताच, केवळ झड न थांबल्यामुळे येतात.

तिसरी गोष्ट दिवसाची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. २२ तारखेची म्हणून जी नोंद असते तिच्यातील बराचसा पाऊस २१ तारखेचा असतो. अहवाल लिहिताना कर्मचाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

चौथी गोष्ट रंगांची. हिरवा म्हणजे विशेष इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवावे. नारिंगी म्हणजे सज्ज राहावे. लाल म्हणजे कृती करावी. हे रंग केवळ पावसाचे प्रमाण दर्शवीत नाहीत. त्याचा परिणाम किती होईल आणि तो होण्याचा संभव किती आहे, याचाही त्यांत विचार असतो. नारिंगी रंग दिसल्यावर लाल होण्याची वाट पाहत बसणे म्हणजे सज्ज होण्याचा वेळ गमावणे होय.

सात दिवसांपैकी कोणता दिवस किती भरवशाचा?

आठवड्याच्या अंदाजातील सातही दिवस सारख्याच विश्वासाचे नसतात. पहिले दोन दिवस बरेच खात्रीचे. तिसरा-चौथा दिवस तयारीपुरता. पाचव्यापासून पुढचे दिवस केवळ कल दाखवितात. शिवाय दर गुरुवारी पुढील काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज प्रसिद्ध होतो. त्यातून पाऊस सरासरीच्या वर राहील की उघडीप मिळेल एवढेच समजते. परंतु लावणीचे किंवा खत देण्याचे वेळापत्रक आखण्यास ते पुरेसे असते. याच्या उलट टोकाला पुढील तीन तासांचा तातडीचा इशारा असतो. तो रडारवरील प्रतिमांच्या आधारे दिला जातो व विजेच्या ढगांसाठी तो सर्वांत उपयोगी पडतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप परिसरातील विजांची सूचना देते, तर कालिदासाच्या काव्याचे नाव घेतलेले ‘मेघदूत’ हे ॲप शेतकऱ्यांसाठी हवामान व कृषिसल्ला देते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञही कोकणासाठी असा सल्ला तयार करतात.

हे सर्व प्रत्यक्षात कसे वापरावे, याचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, जुलैमधील एका सोमवारी दुपारी जिल्ह्याचा अंदाज असा आला की मंगळवारी पिवळा इशारा. बुधवार-गुरुवारी नारिंगी, बहुतांश ठिकाणी पाऊस आणि घाटालगत तुरळक ठिकाणी अति मुसळधार. शुक्रवारपासून जोर कमी. पंचांगात गुरुवारी पौर्णिमा आहे.

जाणत्या सरपंचाने येथे प्रथम पौर्णिमेची नोंद घ्यावी. उधाणाच्या दिवसांत भरती मोठी असते. ती दिवसातून दोनदा येते आणि दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. बुधवार-गुरुवारच्या भरतीच्या वेळा कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात. मंगळवारी दप्तर, शिधावाटप दुकानातील धान्य व औषधे वरच्या फळीवर न्यावीत. नदीकाठच्या गोठ्यांतील जनावरे उंचावर बांधावीत. दिवस भरलेल्या स्त्रिया, अंथरुणाला खिळलेले वृद्ध आणि अपंग यांची यादी आशा सेविकेकडून घेऊन त्यांना मंगळवारीच सुरक्षित ठिकाणी पोचवावे. शेतकऱ्याने युरिया टाकण्याचे व फवारणीचे काम शुक्रवारच्या पुढे ढकलावे, नाही तर पैसा वाहून जातो. बुधवारी दिवसा पाऊस थांबला तरी तयारी मोडू नये. अंदाज घाटाचा आहे, शहराचा नव्हे. बुधवारी रात्री जागते पथक असावे. शुक्रवारी नवा अंदाज वाचल्याशिवाय सामान खाली उतरवू नये.

एवढे करूनही पूर आला नाही, तर लोक हसतील. त्या हसण्याची भीती कोणत्याही पदाधिकाऱ्याने बाळगू नये. वृथा गेलेली तयारी म्हणजे एका दिवसाची मेहनत. न केलेल्या तयारीची किंमत मात्र किती असते, ते चिपळूणने मोजलेले आहे.

नक्षत्रे आणि उपग्रह

कोकणातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नक्षत्रांवरून पाऊस ओळखत आला आहे. मृगाच्या सरींवर पेरणी, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, हस्ताचा गडगडाट ही त्याची दिनदर्शिका होय. तिला अडाणीपणा म्हणून हसण्याचे कारण नाही. सूर्याच्या स्थितीवर आधारलेली ही नक्षत्रे दरवर्षी जवळजवळ त्याच तारखांना येतात आणि त्यांत दीर्घकाळच्या निरीक्षणाचे सार आहे. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ हे दोन्ही दिवस पुष्य नक्षत्रातच पडले होते, म्हणजे नावाने म्हातारा असलेल्या पावसाने येथे दोनदा तरण्याला लाजविले.

तथापि नक्षत्र हे पंधरवड्याचा स्वभाव सांगते. येत्या बुधवारी काय होईल, हे ते सांगू शकत नाही. शिवाय ऋतूंची पावलेही आता नेहमीच्या वाटेने पडतातच असे नाही. मुंबईत मान्सून दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. २०२५ साली तो २६ मे रोजीच तेथे पोचला. मृगाची वाट पाहणाऱ्याला त्या वर्षी रोहिणीतच भिजावे लागले. म्हणून पंचांग आणि उपग्रह यांत भांडण लावण्यापेक्षा पंचांगावरून तिथी, नक्षत्र व उधाण पाहावे आणि अंदाजावरून आठवडा ठरवावा, हे शहाणपणाचे.

शाळा आणि ग्रामपंचायत काय करू शकतात?

आकाश वाचण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. शाळेच्या आवारात, झाडे व छपरे यांपासून दूर, एक साधे पर्जन्यमापक बसवावे. ते नसेल तर सरळ उभ्या कडांचे व सपाट बुडाचे कोणतेही भांडे चालते. त्यात साठलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की तोच पाऊस. रोज सकाळी साडेआठला विद्यार्थ्यांनी चार नोंदी कराव्यात. पाऊस किती, वारा कोणत्या दिशेचा, ढग कोणत्या मजल्यावरचे आणि आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी किती झाकलेले. शेवटची पद्धत वेधशाळांतही वापरली जाते. वर्षभराच्या अशा वहीतून भूगोलाचा जो पाठ मिळतो तो पाठ्यपुस्तकातील चित्रांतून मिळणे कठीण आहे.

या नोंदींचे खरे मोल गावे एकमेकांशी जोडली गेल्यावर कळते. दसपटीतील गावे, पोफळी, अलोरे, शिरगाव ही नदीच्या वरच्या अंगाची. खेर्डी, चिपळूण शहर व गोवळकोट ही खालच्या अंगाची. वरच्या गावात दर तीन तासांनी मोजलेला पाऊस आणि साकवाच्या खांबावर रंगवलेल्या खुणेपर्यंत आलेले पाणी एवढी माहिती खालच्या गावाला दूरध्वनीने मिळाली, तर खालच्या गावाच्या पदरात काही तास पडतात. महसूल मंडळांत बसविलेली स्वयंचलित हवामान केंद्रे व धरणांवरील नोंदी शासकीय यंत्रणेकडे येतच असतात; पण वीज आणि मनोरे बंद पडल्यानंतर उपयोगी पडते ती आधीच ठरलेली माणसांची साखळी. कोणी कोणास कळवायचे, तो न भेटल्यास दुसरे कोणास, मंदिरातील घंटा किंवा मशिदीचा भोंगा केव्हा वाजवायचा आणि ऐकणाऱ्याने कोणत्या उंच जागी जायचे, हे मे महिन्याच्या ग्रामसभेत ठरावे व भिंतीवर लिहावे. भोंगा विजेवाचूनही वाजेल अशी तजवीजही तेव्हाच करून ठेवावी.

डोंगरउतारावरील वाड्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे व खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, ही दरड सरकण्याची लक्षणे आहेत. अशा वेळी झड चालू असेल तर रंगीत इशाऱ्याची वाट न पाहता वाडी रिकामी करावी.

बंधुभगिनींनो, पाऊस हेच कोकणाचे भांडवल आहे. भात, नाचणी, आंबा, काजू, खाडीतील मासळी आणि कोयनेची वीज ही सारी त्याचीच देणगी होय. तो कमी व्हावा अशी प्रार्थना येथे कोणीही करणार नाही. डोंगरावर पडलेल्या पावसाचा थेंब बाजारपेठेतील पायरीपर्यंत पोचण्यास काही तास लागतात. ते तास झोपेत घालवावयाचे की कामात, एवढेच माणसाच्या हाती आहे. संध्याकाळी अंदाज वाचणारा शिक्षक, भरतीची वेळ फलकावर लिहिणारा ग्रामसेवक आणि रात्री नदीची खूण पाहून खालच्या गावाला हाक देणारा वरच्या गावचा माणूस, या तिघांनी मिळून ते तास राखावेत, ही या तालुक्याची गरज आहे.